आज्ञावलीकाराची अवजारे आणि मराठी मजकूर

१

आमच्या मराठी विभागाच्या कपाटात काही वर्षांपूर्वी एक सीडी सापडली. तिच्यावर शाईच्या पेनाने ‘ओव्या : कंधार, मुखेड, अहमदपूर, २००४’ एवढेच लिहिलेले होते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरील खेड्यांतून आमच्या विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, त्यांचा तो संग्रह. त्याची कागदावरील प्रत एका पावसाळ्यात भिजून गेली होती. ज्या कॅसेटींवर ध्वनिमुद्रण केले होते, त्यांतील काहींची फीत ताणली गेली होती. ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत. त्यामुळे सीडी मिळाल्याचा आनंद मोठा होता. तो टिकला मात्र पाचच मिनिटे. फाइल उघडली, पण पडद्यावर मराठीचे एकही अक्षर दिसेना. रोमन अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे, डॉलरच्या खुणा यांच्या ओळींमागून ओळी. ज्या फॉन्टात मजकूर टंकला होता, तो फॉन्ट आमच्याकडे नव्हता. ज्या डीटीपीच्या दुकानात टंकला होता, ते दुकान केव्हाच बंद झाले होते.

मजकूर हाताशी असूनही वाचता न येणे, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. आमच्याकडे अनेक घरांतील ट्रंकांत आजोबा-पणजोबांचे मोडीतले आणि उर्दूतले कागद असतात आणि घरातील कोणालाही ते वाचता येत नाहीत. परंतु मोडी वाचणारा किंवा उर्दू जाणणारा माणूस शोधला तर मिळतो. आमचा संग्रह अवघ्या काही वर्षांपूर्वीचा, आमच्याच भाषेतला, आमच्याच लिपीतला. आणि तो वाचू शकणारा माणूस कोठे शोधावा हेच आम्हांस कळत नव्हते.

तो माणूस शेवटी आमच्या माजी विद्यार्थ्यांतच निघाला. लातूरला बारावी करून पुढे अभियांत्रिकीकडे गेलेला आणि आता पुण्यात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा हा मुलगा दिवाळीला गावी आला असता आम्हांस भेटायला आला. सीडीची हकिकत ऐकून म्हणाला, “सर, एक-दोन संध्याकाळ बसू या.” त्या दोन संध्याकाळी आम्ही त्याच्या शेजारी बसून त्याची अवजारे पाहिली. सुताराकडे रंधा, करवत, पटाशी, गुण्या असतो, तसाच याचाही एक ठरलेला संच होता आणि त्यातील प्रत्येक अवजाराला स्वतःचा इतिहास होता. तो इतिहास पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या अभ्यासविषयाचाच आहे. मजकूर म्हणजे नेमके काय? कागदावर किंवा पडद्यावर जो आकार दिसतो तोच मजकूर, की त्या आकारामागे असलेले वर्ण? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आपण एकदा देऊन बसलो आणि त्याची किंमत आजही मोजत आहोत, असे आमचे मत झाले आहे. ते येथे मांडत आहोत.

२

आज्ञावलीकाराचे पहिले अवजार म्हणजे कळफलक. आजच्या कोणत्याही लॅपटॉपवर रोमन अक्षरांच्या वरच्या ओळीची सुरुवात ‘क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय’ अशी असते. हा क्रम संगणकाहून कितीतरी जुना आहे. अमेरिकेतील ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याचे सहकारी यांना टंकयंत्राचे पेटंट १८६८ साली मिळाले आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले. त्या यंत्रासाठी ठरलेला कळांचा क्रम पुढे यंत्र गेले तरी राहिला. अवजार बदलले, पण हाताला लागलेली सवय बदलली नाही. असे अवजारांच्या इतिहासात नेहमी घडते.

देवनागरीचे टंकयंत्र बनवताना अडचण निराळी होती. रोमन लिपीची सव्वीस अक्षरे लहान-मोठ्या रूपांसह सहज मावतात. देवनागरीत व्यंजने, स्वर, स्वरचिन्हे आणि असंख्य जोडाक्षरे. छापखान्यातील खिळ्यांच्या पेटीत शेकडो प्रकारचे खिळे ठेवता येत होते. टंकयंत्राला मात्र चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येक कळेवर दोन आकार, एवढीच जागा. तेव्हा अक्षरांचे तुकडे करण्यात आले. कित्येक अक्षरांचा केवळ डावा भाग कळेवर बसवला आणि पुढे काना जोडून ते पूर्ण करायचे ठरले. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण कागदावर त्याच्या डावीकडे दिसतो. म्हणून टंकलेखकाने तो आधी उमटवायचा आणि मग व्यंजन. यंत्राला ध्वनीशी कर्तव्य नव्हते, त्याला फक्त आकार ठाऊक होता.

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. पुढची चार-पाच दशके आमच्या भागातील असंख्य तरुणांनी टंकलेखन संस्थांत बसून ‘मराठी ३०’ आणि ‘मराठी ४०’च्या शासकीय परीक्षा दिल्या. मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांचा तो वेग म्हणजे कचेरीतील नोकरीचे दार होते. त्या संस्थांच्या खोल्यांतून ऐकू येणारा कळांचा खडखडाट आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या पिढीच्या बोटांना मराठी भाषा आकारांच्या तुकड्यांत शिकवली गेली, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

यंत्राच्या अडचणीतून लिपीच बदलावी, असा विचार त्या काळी जोरात होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी स्वरांसाठी वेगळी अक्षरे न ठेवता ‘अ’ला स्वरचिन्हे जोडण्याची ‘अि, अी, अु, अू’ ही पद्धत पुरस्कारली, हे आपणांस ठाऊक आहेच. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व इकार डावीकडून काढून उजवीकडे, आखूड दांडीचा करून लिहावा, अशी शिफारस केली. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि १९५७ साली ती शिफारस मागे घेण्यात आली. या सुधारकांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. यंत्र बदलता येत नाही, तेव्हा लिपीने बदलावे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. यंत्र बदलता येते हे त्यांना दिसणे शक्य नव्हते, कारण ते यंत्र अजून भारतात पोहोचायचे होते.

३

संगणक अक्षर ओळखत नाही; त्याला फक्त संख्या कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत यासाठी ‘आस्की’ नावाचे प्रमाणपत्रक ठरले. त्यात १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा यांनीच त्या भरल्या. जगातील इतर लिप्यांचा विचार करण्याचे त्या वेळी कोणाला कारण नव्हते.

भारतीय लिप्यांसाठी असा विचार आयआयटी कानपूर येथे १९७० नंतरच्या काळात सुरू झाला. पुण्यात १९८८ साली ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ म्हणजे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ‘जिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे ते तंत्रज्ञान तेथे वाढले. याच सुमारास ‘इस्की’ हे भारतीय संकेतपत्रक तयार झाले; १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

इस्कीमागील कल्पना साहित्याच्या व भाषेच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावी अशी आहे. नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागातील मुलांच्या कानांवर तेलुगू पडते, तर लातूरच्या उदगीर, निलंगा या भागातील मुलांना कन्नडचा शेजार आहे. या मुलांना आम्ही वर्गात सांगतो, की लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी क-ख-ग-घ-ङ हा क्रम एकच, कारण तो ध्वनीच्या उच्चारस्थानांवरून लावलेला आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. इस्कीने नेमके हेच तत्त्व घेतले. क्रमांक आकाराला दिला नाही, वर्णाला दिला. ‘क’ हा वर्ण एकच. तो देवनागरीत कसा दिसावा आणि तेलुगूत कसा, हे दाखवणाऱ्याचे काम. जोडाक्षर हा वेगळा आकार मानला नाही. व्यंजन, हलन्त आणि पुढचे व्यंजन, अशी वर्णांची मालिका मानली. व्याकरणकारांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जे पाहिले होते, ते संगणकशास्त्रज्ञांनी पुन्हा उपयोगात आणले.

त्याच विचारातून ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक आला. त्यात स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ज्या कळेवर ‘क’, तिच्यावरच शिफ्ट दाबून ‘ख’. ‘ग’च्या कळेवर ‘घ’. ‘त’च्या कळेवर ‘थ’. अल्पप्राण आणि महाप्राण एका कळेवर. ज्याला वर्णमाला येते त्याला हा कळफलक निम्मा आधीच आलेला असतो. ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर दाबायचा, उच्चारात येतो तसा. त्याला डावीकडे नेऊन बसवण्याचे काम यंत्र करते. लखनौच्या परिषदेने जो इकार उजवीकडे ओढू पाहिला, तो जागच्या जागी राहिला आणि यंत्रच लिपीपुढे वाकले.

हे सर्व १९९१ पर्यंत उपलब्ध होते. तरीही आमच्या ओव्या न वाचता येणाऱ्या फाइलीत का गेल्या? कारण बाजारात दुसरेच घडले. १९९० नंतर गावोगावी डीटीपीची दुकाने निघाली. तेथे बसणारे बहुतेक जण टंकयंत्रावर शिकलेले होते. त्यांच्या बोटांना आकारांचे तुकडे सरावाचे होते. विविध कंपन्यांनी त्यांच्या सोयीचे फॉन्ट तयार केले. यात युक्ती अशी होती, की संगणकाला वाटावे आपण रोमन अक्षर साठवत आहोत, आणि फॉन्टने त्या जागी मराठी अक्षराचा तुकडा दाखवावा. प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळे आणि त्यांच्या जागाही वेगळ्या. छपाईसाठी हे उत्तम चालले. निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रे, नियतकालिके, पाठ्यपुस्तके, प्रबंध हे सारे या पद्धतीने सुबक छापले गेले. या फॉन्टांनी मराठी छपाईला मोठा हातभार लावला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु फाइलीत साठवला जात होता तो मराठी मजकूर नव्हता. तो रोमन खुणांचा ढीग होता आणि त्याला मराठी रूप देणारी किल्ली फॉन्टमध्ये होती. किल्ली हरवली की ढीग उरतो.

जुन्या मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण व्हावी. माहूर हे आमच्या नांदेड जिल्ह्यातील ठिकाण महानुभाव पंथाला पूज्य आहे. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपी रवळोबासांची मानली जाते. त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असे. किल्ली पंथाबाहेर गेली नाही, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांना ती सापडेपर्यंत आद्य मराठी गद्याचा मोठा भाग मराठी वाचकांना अज्ञात राहिला. महानुभावांनी ग्रंथ मुद्दाम झाकले होते. आपण आपले ग्रंथ नकळत झाकले, एवढाच फरक. त्यांची किल्ली निदान गुरुपरंपरेने जपली गेली होती. आपली किल्ली दुकानाबरोबर गेली.

४

युनिकोड या जागतिक संकेतपत्रकाची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतली गेली. हेच तत्त्व शेजारच्या लिप्यांनाही लागू झाले. देवनागरी ‘क’चा क्रमांक ०९१५ आणि तेलुगू ‘क’चा ०सी१५, शेवटचे दोन अंक तेच. शिवेवरच्या गावातील नात्याची याहून नेमकी नोंद आम्हांला तरी माहीत नाही.

क्रमांक ठरले, तरी ते फाइलीत साठवायचे कसे, हा प्रश्न होता. १९९२च्या सप्टेंबरात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका खाणावळीत जेवताना, टेबलावरच्या कागदी आसनावर ‘यूटीएफ-८’ या पद्धतीचा आराखडा मांडला. जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा वाचता यावा आणि जगातील प्रत्येक लिपीही त्यात मावावी, अशी ही योजना. तीत रोमन अक्षराला एक जागा लागते आणि देवनागरी वर्णाला तीन. आज महाजालावरचा बहुतेक सर्व मजकूर, अर्थात मराठीसुद्धा, याच पद्धतीने साठवला जातो.

राहिला प्रश्न दाखवण्याचा. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट आला. सरकारी पत्रांतून तो आपल्या डोळ्यांना इतका सवयीचा झाला आहे, की तो कोणीतरी रेखला असेल हे ध्यानातही येत नाही. तो रेखणारे प्रा. र. कृ. जोशी मूळचे कोल्हापूरचे. ते आयआयटी मुंबईत अध्यापक होते, सुलेखनकार होते आणि मराठी कवीही होते. फॉन्टला त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीचे नाव दिले. २००८ साली त्यांचे निधन झाले. लक्षावधी लोक रोज ज्या आकारांत मराठी वाचतात ते एका मराठी कवीच्या हातचे आहेत, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात नोंदवण्यासारखी आहे.

युनिकोडमध्ये मराठीला सारे सहज मिळाले असे मात्र नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक हिंदीला लागत नाही. मराठीत त्यावाचून अर्थ बदलतो. हा अर्धा ‘ऱ’ लिहिण्याची सोय झाली ती द्राविडी भाषांतील एका वर्णासाठी राखलेल्या जागेचा आधार घेऊन. ‘ॲ’ या मराठी स्वराला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. तोवर तो जोडाजोड करून लिहिला जाई. मोडी लिपीचा समावेश २०१४ साली झाला. प्रत्येक वेळी कोणीतरी पुरावे गोळा केले, प्रस्ताव लिहिले, तेव्हा जागा मिळाली. भाषेच्या जाणकारांनी या कामात सहभागी व्हायला हवे, कारण कोणता फरक अर्थाचा आणि कोणता केवळ वळणाचा, हे सांगणे त्यांचेच काम आहे.

५

आता आमच्या विद्यार्थ्याच्या पडद्याकडे वळू. त्याने सीडीवरील फाइल सजावटीच्या, पानांच्या, समासांच्या कोणत्याही प्रणालीत उघडली नाही. काळ्या पार्श्वभूमीवर साधी अक्षरे दाखवणारी एक खिडकी त्याने उघडली. या अवजाराला ते ‘एडिटर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः संपादक. ठळक-तिरपे, लहान-मोठे यांची त्यात भानगड नसते. असतो तो केवळ साधा मजकूर.

या साधेपणाला इतिहास आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीचे काम सुरू केले. तिच्यामागे एक शिस्त होती. प्रत्येक अवजार लहान असावे, त्याने एकच काम नीट करावे आणि अवजारांनी एकमेकांना जे द्यायचे ते साध्या मजकुराच्या रूपात द्यावे. १९७३ साली तेथे ‘ग्रेप’ हे अवजार आले. शब्द दिला की ज्या ज्या ओळीत तो आहे त्या सर्व ओळी ते काढून देते. हाताने कार्डे लिहून शब्दसूची करणाऱ्या आपल्या पिढीला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पाठोपाठ ‘डिफ’ आले. दोन फाइली दिल्या की त्यांतील भिन्न ओळी ते दाखवते. म्हणजे पाठभेद नोंदवते.

पाठभेद हा शब्द आम्ही उपमा म्हणून वापरत नाही. आज्ञावलीकारांसमोर अगदी तोच प्रश्न होता, जो पोथ्यांच्या संपादकांसमोर असतो. एकच आज्ञावली दहा जण लिहितात, दुरुस्त करतात, बिघडवतात. कोणाच्या हातून, केव्हा, कोठे बदल झाला हे कसे कळावे? १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच मार्क रॉचकिंड याने यासाठी पहिली महत्त्वाची प्रणाली तयार केली. २००५च्या एप्रिलमध्ये फिनलंडचा लिनस टॉरवाल्ड्स याने ‘गिट’ लिहिले आणि आज जगभर तेच चालते. त्यात केलेला प्रत्येक बदल तारीख, करणाऱ्याचे नाव आणि कारण यांसह नोंदला जातो. जुना पाठ पुसला जात नाही. प्रत्येक नोंदीला तिच्या आशयावरून काढलेली चाळीस चिन्हांची एक ओळखखूण मिळते. आतील एक अक्षर जरी बदलले तरी ती खूण बदलते. चोरून केलेला प्रक्षेप लपत नाही.

हे ऐकताना आम्हांस एकनाथ आठवले. पैठणच्या नाथांनी शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. प्रत बिघडते कशी, याचे त्यांना पूर्ण भान होते. परंतु नाथांनी कोणते शब्द काढले आणि कोणते ठेवले, याची नोंद आपल्याजवळ नाही. म्हणून १९०९ साली राजवाड्यांनी बीडच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा नाथपूर्व पाठाचा वाद सुरू झाला. महानुभावांनी मात्र लीळाचरित्राच्या बाबतीत वेगळी वाट धरली होती. मूळ प्रत धामधुमीत गेल्यावर जी प्रत स्मरणातून उभी राहिली, तिच्यात कोणाचा पाठ काय होता, हे नावानिशी सांगण्याची रीत त्यांच्यात रूढ झाली. गिटने शोधलेली गोष्ट मराठी गद्याच्या उगमापाशीच होती. आपण आधुनिक होताना ती विसरलो आणि ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’, ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फाइली साठवू लागलो.

६

विद्यार्थ्याने काम सुरू केले ते या क्रमाने. आधी सीडीवरील मूळ फाइल जशीच्या तशी गिटमध्ये ठेवली. “ही पोथी. हिला कोणी हात लावायचा नाही,” असे तो म्हणाला. मग भिजलेल्या कागदी प्रतीची वाचता येणारी चार पाने आम्ही त्याच्याजवळ दिली. त्या पानांवरचा मजकूर आणि फाइलीतील खुणा शेजारी शेजारी ठेवून कोणत्या खुणेमागे कोणता तुकडा आहे, याची सारणी करायला बसलो. संकेतलिपी सोडवणाऱ्यांनी हेच केले असणार. सारणी पूर्ण व्हायला पहिली संध्याकाळ गेली. दुसऱ्या संध्याकाळी त्याने ‘पायथन’ या भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. ऱ्हस्व इकार फाइलीत व्यंजनाच्या आधी साठवलेला होता, तो नंतर न्यायचा. रफार अक्षरानंतर साठवलेला होता, तो उच्चाराच्या क्रमाने आधी आणायचा. अर्धे तुकडे आणि काने जोडून पूर्ण व्यंजने करायची. दिसणाऱ्या आकारांतून उच्चारातल्या वर्णांकडे जाण्याचा हा उलटा प्रवास होता. रात्री नऊच्या सुमारास पहिली ओवी पडद्यावर वाचता आली. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

पुढचा प्रश्न आज्ञावलीचा नव्हता, आमचा होता. काही ओव्यांत ‘केव्हा’ असे होते, काहींत ‘कव्हा’. काहींत ‘माहेर’, काहींत ‘म्हायेर’. विद्यार्थ्याने विचारले, “एकसारखे करून टाकू का? एका ओळीचे काम आहे.” शुद्धलेखन तपासणाऱ्याला मोह व्हावा अशीच ती सूचना होती. आम्ही नको म्हणालो आणि ज्या कॅसेटी अजून वाजतात त्या ऐकल्या. तेथे त्या बायका ‘कव्हा’ म्हणत होत्या. म्हणजे ‘केव्हा’ हे रूप टंकताना कोणीतरी सुधारलेले होते. कदाचित दुकानात, कदाचित आमच्याच विभागात. आकार शुद्ध झाला होता आणि बोली गेली होती. म्हणून ठरवले, की रूपांतरित पाठ आधी जसाच्या तसा नोंदवायचा. मग कॅसेटीवरून केलेली प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्रपणे, कोणी केली आणि कशाच्या आधारे केली हे लिहून नोंदवायची. जेथे कॅसेट वाजत नाही तेथे अंदाजाने काहीही बदलायचे नाही.

आज त्या ओव्यांत ‘पंढरी’ हा शब्द शोधला, की कंधारच्या आणि अहमदपूरच्या खेड्यांतील ओव्या एकाखाली एक येतात. कोणती ओळ कोणत्या गावात कशी म्हटली जाई हे दिसते. जुन्या फॉन्टातील फाइल वाचता आली असती तरी हे शक्य नव्हते, कारण तिच्यात शोधायला मराठी शब्दच नव्हते.

एक संग्रह वाचला म्हणून हा लेख लिहिलेला नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतील मराठीचे संशोधन तेथे होऊ लागले. बोली, लोकगीते, संतपरंपरा, ग्रामीण व दलित साहित्य यांवरील त्या काळातील लेखनाचा मोठा भाग डीटीपीच्या काळात टंकला गेला. नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांच्या पिढीचे लेखन कागदावर होते, म्हणून निदान कागद असेपर्यंत ते वाचता येते. त्यांच्या नंतरच्या पिढीचे लेखन फाइलींत आहे आणि त्यांतील किती फाइली उघडतील हे उघडून पाहिल्याखेरीज कळणार नाही. पीडीएफ केली म्हणून भागत नाही. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफवर मराठी दिसते, पण मराठी शब्दाने शोध घेतला तर काही सापडत नाही. तेथेही आकार आहे, मजकूर नाही.

यासाठी आज्ञावलीकार होण्याची गरज नाही. सारणी बनवण्याचे काम वाचता येणाऱ्या कोणालाही जमते, आणि कोणते रूप चुकीचे व कोणते बोलीतले, हे ठरवायला तर आपणच लागतो. आमच्या विभागात आता पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना एक तास जुन्या फाइलींसाठी ठेवला आहे. प्रत्येकाने घरातून, ओळखीच्या छापखान्यातून किंवा एखाद्या निवृत्त अध्यापकाच्या कपाटातून एक तरी अशी फाइल आणायची. गेल्या वेळी एका मुलीने तिच्या आजोबांनी लिहून ठेवलेला भारुडांचा संग्रह आणला. त्याची सारणी अजून अर्धीच झाली आहे.